चेहरा नको, हात घ्या

नांदेडला एका बचत गटाच्या बायकांनी मला बोलायला बोलावलं होतं. व्हिडिओ करून कमाई करायची तर कोणती वाट धरावी, हे तिथल्या मुलींना सांगायचं होतं. मी गेले, खुर्चीवर बसले, समोर ठेवलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं आणि माइक आला तसा शेजारी बसलेल्या नसरीनच्या हातात दिला. नसरीन माझी धाकटी जाऊ. तिनं छान भाषण केलं, टाळ्याही मिळवल्या. पण तिनं सांगितली ती तिची वाट. माझी सांगायची राहिली, म्हणून घरी बसून लिहिते आहे. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही, हे बरं असतं. शिक्षण चौथीपर्यंत झालंय. मोठे शब्द मला येत नाहीत आणि लागणारही नाहीत.

आम्ही मनेर, म्हणजे बांगड्या भरणारे. मुखेडला बाजाराच्या रस्त्यावर आमचं लहान दुकान आहे. माझी सासू डोक्यावर टोपली घेऊन खेडोपाडी फिरायची. मी फिरले नाही, दुकानात बसले. बांगडी विकणं आणि बांगडी भरणं ही दोन वेगळी कामं आहेत. विकायला कुणालाही येतं. भरताना समोरच्या बाईचा हात आपल्या हातात येतो आणि हात फार भित्रा असतो. बारीक मापाची काचेची बांगडी दिसली की बोटं ताठ होतात. ओढाओढ केली तर बांगडी वाढते. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. म्हणून अंगठा तळव्यात दुमडायचा, करंगळीखालचं हाड हलकेच आत दाबायचं आणि बाईला काहीतरी विचारायचं. माहेरचं विचारलेलं सगळ्यात चांगलं. ती सांगायला लागते, हात सैल पडतो आणि तेवढ्यात बांगड्या मनगटावर गेलेल्या असतात.

सासू म्हणायची, "तुझ्या तोंडाला तर कुलूप हाय. तू गिऱ्हाईकाला काय इचारणार गं?" मी थोडंच विचारते, आणि हळू विचारते. चालून जातं.

सासूनं घालून दिलेला एक नियम आम्ही अजून पाळतो. बाईचा हात आपण मागायचा नाही, तिनंच पुढे करायचा. आणि एकदा पुढे आला की तो रिकामा परत पाठवायचा नाही. ती कोण, कशासाठी भरते, हे विचारायचं नाही.

व्हिडिओचं वेड नसरीननं आणलं. ती बी.ए. झालेली, लग्न करून आली ती फोन घेऊनच. एकदा एका नवरीच्या हातात लहान मापाचा चुडा जाईना. आई म्हणाली मोठं माप द्या, नवरी म्हणाली हेच पाहिजे आणि रडायला लागली. मी भरत होते आणि नसरीननं फोन समोर धरला.

"नसरीन, बंद कर."

"भाभी, लई भारी येऊन राहिलंय. हलू नका."

"मग चेहरा नको, हात घे."

तेव्हापासून आमचं हेच चालू आहे. माझे हात, गिऱ्हाईकाचे हात आणि माझा आवाज. लोक बघायला लागले. कुणी विचारायचं, या बाई कोण? कुणी लिहायचं, यांचा आवाज ऐकला की झोप लागते.

"बघा भाभी," नसरीन म्हणाली, "तुमचं ऐकून लोक झोपून राहिलेत."

"मग बोलणंच बंद करते."

"नक्को! त्याच्यासाठीच तर येऊन राहिलेत."

मुलींना जे सांगायचं होतं ते हे. या कामात पैसा चार वाटांनी येतो. पहिली वाट म्हणजे नुसते व्हिडिओ टाकत राहायचे. त्यात मध्ये जाहिराती लागतात, त्यातला थोडा हिस्सा आपल्याला मिळतो. तो कधी येतो, कधी येत नाही, आणि का आला नाही हे कुणाला विचारायचं तेही कळत नाही. दुसरी, आपलाच माल दाखवून आपणच विकायचा. बायका फोनवर रंग पसंत करतात, आम्ही पार्सल करतो. काच पाठवताना भुसा आणि जुन्या साडीच्या चिंध्या लागतात. तरी पोचेपर्यंत एखाददुसरी वाढतेच. तिसरी, गावातल्या दुकानांच्या जाहिराती करून द्यायच्या. माल त्यांचा, हात आणि आवाज आपला. चौथी वाट, एखाद्या मोठ्या कंपनीशी वर्षाचा करार करायचा आणि फक्त तिचंच दाखवायचं. ऐकायला चौथी सगळ्यात चांगली वाटते. आम्हालाही वाटली.

आधी तिसऱ्या वाटेच्या दोन गोष्टी सांगते. धर्माबादचे एक मिरचीचे व्यापारी आले. अर्धं तेलुगू, अर्धं मराठी बोलायचे. त्यांचं म्हणणं, लाल बांगड्या भरलेला हात मिरचीच्या ढिगात घालायचा आणि मूठ भरून वर काढायची, बस्स. मी मिरची हातात घेऊन पाहिली आणि सांगितलं, "शेठ, हात माझ्या कामाचा आहे, तो मी यात घालत नाही." नसरीन म्हणाली, "मी घालते." घातला. एकदा नाही, व्यापाऱ्यांचं मन भरेपर्यंत घातला. मग दोन दिवस ती हात ताकात बुडवून बसली होती आणि तिच्या मुलाला मी भरवत होते. जाहिरात मात्र झकास झाली. व्यापारी अजून फोन करतात, "ती मिरचीवाली ताई बरी हाय का?"

दुसरे लातूरचे शिकवणीचे सर. त्यांना माझा आवाज पाहिजे होता. आईनं मुलाला समजवायचं, बेटा, अभ्यास कर, डॉक्टर हो. मी म्हणाले, "सर, माझी चौथी झालीय." ते म्हणाले, "ते आवाजात कुठं दिसतंय?" मी बोलून दिलं. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती. तिनं ते ऐकलं आणि आठ दिवस मला "डॉक्टरच्या आई" म्हणून हाक मारत होती. तिला शिवणकाम शिकायचं होतं, आणि ती तेच शिकली.

अशात पुण्याच्या एका कंपनीच्या मॅडमचा फोन आला. कंपनी धातूच्या आणि प्लास्टिकच्या बांगड्या करते. त्यांना वर्षभरासाठी आम्ही दोघी पाहिजे होतो. आधी म्हणाल्या चेहरा लागेल. नसरीन त्यांच्याशी भांडली आणि हातावर तोडगा निघाला. तिला शूटिंगचं वेगळं मानधन मिळणार होतं आणि शिकायला पुण्याला बोलावणार होते. ती घरात गाणी म्हणत फिरायला लागली. मीही हो म्हणायच्या बेतात होते. काचेच्या बांगड्या वर्षभर दाखवायच्या नाहीत, याचं वाईट वाटत होतं, पण दुकानात भरायला कुणाची मनाई नव्हती.

तेवढ्यात सुलोचनाबाईंचा व्हिडिओ गाजला.

सुलोचनाबाई जवळच्या एका खेड्यातल्या. बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून तिला घेऊन आल्या होत्या. मुलीचा चुडा भरून झाला. नसरीनचा फोन चालूच होता. तेवढ्यात सुलोचनाबाईंनी स्वतःचा हात पुढे केला.

"कोणत्या भरू?"

"हिरव्या."

मी वर पाहिलं. गळा रिकामा, कपाळ रिकामं. आमच्या भागात नवरा गेल्यावर बायका हिरवी काच भरत नाहीत. दुकानात आल्या तरी हात पदरात धरून बसतात. पण हात पुढे आला होता. मी अंगठा दुमडला आणि विचारलं, "माहेर कुठलं?"

"निलंग्याकडलं. उसाच्या रानात घर हाय आमचं. लहानपणी ऊस तोडून खायचो तर चुलता मागं धावायचा," असं म्हणून त्या हसल्या आणि बांगड्या चढल्या.

झाल्यावर मी सांगितलं, "हे फोनमध्ये आलंय. ठेवू का पुसू?"

"चेहरा हाय का?"

"नाही."

"मग ठेवा."

आम्हा दोघींची समजूत अशी, की चेहरा नाही म्हणजे कोणाला काही कळत नाही. पण आमच्याकडच्या खेड्यात बाईला हातावरूनही ओळखतात. सुलोचनाबाईंच्या मनगटाच्या वर तुळस गोंदलेली आहे, तिची एक फांदी जराशी वाकडी. गावातल्या कुणीतरी ती ओळखली आणि व्हिडिओखाली लिहिलं, ही बाई विधवा आहे, हिला हिरवा चुडा कसा भरला? मग जे भांडण लागलं ते थांबेना. निम्मे लोक तिला शिव्या देत होते, निम्मे शाबासकी. मला मुसलमान म्हणूनही बोलले. ते मी वाचलं नाही, नसरीननं वाचलं आणि फोन उलटा ठेवला.

पुण्याच्या मॅडमनी सांगितलं, "लोक भांडतात तिथे आम्हाला आमची बांगडी नको. तो व्हिडिओ काढून टाका, मग सही करू."

नसरीन म्हणाली, "एकच व्हिडिओ हाय, भाभी. पुसला की संपलं. तिच्या डोक्याचा ताप जाईल, आपलं काम होईल."

तिचं खोटं नव्हतं. मलाही आधी तेच वाटलं. मग वाटलं, तिच्या डोक्याला ताप आहे हे आम्हाला कुणी सांगितलं? तिच्याकडे फोन नव्हता. हात तिचा, आणि व्हिडिओ ठेवायचा का पुसायचा हे ठरवणार पुणं आणि मुखेड.

"मी जाऊन विचारून येते," मी म्हणाले.

नसरीन माझ्याकडे बघतच राहिली. मी एकटीनं कधी नांदेडलाही गेले नव्हते.

"जाऊन काय सांगणार? घरात घेतील का तरी?"

पण मनेरनीला कोणत्याही घराच्या अंगणापर्यंत वाट असते. तिला कुणी दारात अडवत नाही, कुणी कशाला आली विचारत नाही. मी माळ्यावरून सासूची टोपली काढली, पुसली, बांगड्या भरल्या आणि एसटीत बसले.

खेड्यात उतरले तेव्हा कळलं, टोपली आहे पण हाळी देता येत नाही. सासूची हाळी अख्ख्या गल्लीला जायची. मी बुरख्यातून "बांगड्या" म्हणाले तर फक्त दावणीच्या शेळीनं मान वर केली. पुढच्या बोळात जरा जोरात म्हणाले. तिसऱ्या बोळात एका म्हातारीनं आतून ओ दिली आणि माझा मलाच धीर आला. दोघीतिघींना भरल्या आणि मग सुलोचनाबाईंचं घर विचारलं.  एकीनं बोटानं घर दाखवलं.

अंगणात त्यांची सासू शेंगा फोडत बसली होती.

"कोण गं?"

"मनेरीन."

"हितं कुणाला भरायच्यात? हितं दोघींचे बी धनी गेलेले." मग तिनं मला नीट पाहिलं. "मुखेडची का तू? फोनातली?"

"हाव."

"तूच का ती! बस. बस म्हणते ना. तुला लई बोलायचं हाय मला."

मी बसले. ती पुष्कळ बोलली. तोंड काळं करायला तुला आमचंच घर सापडलं का, माझ्या लेकाला जाऊन वरीस व्हायचं हाय, गाव बोलून राहिलंय, पाण्याला जायची सोय न्हाई. मी मान खाली घालून ऐकलं. तिचा मुलगा गेला होता, तिला बोलायचा हक्क होता.

आवाज ऐकून सुलोचनाबाई मागच्या दारातून आल्या. हात राखेनं माखलेले, भांडी घासत होत्या. बांगड्या तशाच होत्या.

"बघ," सासू मला म्हणाली, "सांगून सांगून जीभ झिजली, उतरव म्हणून. म्हणती, आपसूक वाढतील तवा वाढतील."

एसटीत मी सगळं बोलणं ठरवून ठेवलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना. मी एवढंच म्हणाले, "बाई, तो व्हिडिओ ठेवू का काढू? तुम्ही म्हणाल तसं करते."

"काढ!" सासू म्हणाली. "तिला काय इचारती? मला इचार."

"मावशी, हात यांचा आहे."

वडीलधाऱ्या बाईला मी जन्मात एवढंच उलट बोलले असेन.  सासूनं अचंब्यानं हातातल्या शेंगा खाली ठेवल्या.

सुलोचनाबाईंनी हात पदराला पुसले. "समदं गाव पाहून बसलं. मीच न्हाई पाहिला अजून. आधी दावा तर."

नसरीननं तो व्हिडिओ माझ्या फोनमध्ये घालून दिला होता. मी लावला. सुलोचनाबाई वाकून बघत होत्या. थोड्या वेळानं सासू सरकत आली. "सरक गं, दिसून न्हाई राहिलं." फोनमधून माझा आवाज आला, माहेर कुठलं? मग उसाचं रान, मग चुलता, मग ते हसू.

सासूनं मान वर केली. "तू हसलीस व्हय?"

"हाव."

"कवाच्यानं हसलीस गं."

 सासूनं एक शेंग उचलली, फोडली नाही, तशीच हातात धरून बसली. सुलोचनाबाई म्हणाल्या, "परत लावा." मी परत लावला. तो संपल्यावर त्या मला म्हणाल्या, "राहू द्या."

"गाव बोलंल," सासू म्हणाली.

"बोलूनच राहिलंय की, आत्या."

सासूनं हातातली शेंग फोडली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मग सुनेवर खेकसली, "उभी काय राहिलीस? चहा ठेव. मनेरीन उन्हाची आलीय."

परत आल्यावर कंपनीला फोन मी स्वतः केला. नसरीन समोर बसली होती, पण बोलायला मी तिला दिलं नाही.

"मॅडम, व्हिडिओ राहणार."

"तुम्ही नीट विचार केलाय ना?"

"ज्यांचा हात आहे त्यांनी केलाय."

त्यांनी चांगल्या शब्दांत फोन ठेवला. करार दुसऱ्या कुणाला गेला. मी केलं ते बरोबर केलं असं मला तेव्हाही वाटत होतं, आताही वाटतं. पण त्या सहीबरोबर नसरीनचं पुणं गेलं, आणि ते तिला न विचारता गेलं. सुलोचनाबाईंना विचारायला मी एसटीनं गेले, आणि एका छपराखाली राहणाऱ्या जावेला विचारलं नाही. ती भांडली नाही. पुष्कळ दिवस माझा चहा ओट्यावर ठेवून न बोलता जायची. भांडली असती तर बरं झालं असतं.

एका दुपारी बांगड्या मापाप्रमाणे लावता लावता मी तिला म्हणाले, "तुला काय करायचंय ते सांग. मी सोबत येते."

"लातूरला," ती म्हणाली. कधीपासून तयार ठेवलेलं उत्तर होतं.

लातूरला दुकानांच्या जाहिराती करून देणारं एक ऑफिस आहे. साड्या, मिठाई, भांडी, शिकवण्या, सगळ्यांच्या करतात. ती त्यांना भेटली. तिला पगारी काम मिळालं आणि तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या दिरालाही तिथं एका गोदामात काम मिळालं. मला त्यांनी मुखेडला बसूनच त्यांच्यासाठी हात आणि आवाज द्यायला सांगितलं. एक मोठी वाट गेली आणि आम्ही दोघी दोन लहान वाटांना लागलो. तिचा तिच्या नावचा पगार सुरू झाला. मी दुकान सोडलं नाही. अजूनही हिरव्या काचेचा व्हिडिओ मनात आला की करते. सुलोचनाबाईंचा जिथं होता तिथंच आहे.

या कामांची सही करायला आम्ही दोघी बरोबर गेलो होतो. अहमदपूरला गाडी बदलून जाताना नसरीन सगळा वेळ बोलत होती, तेव्हा मला जरा बरं वाटलं. ऑफिसच्या साहेबांनी कागद पुढे ठेवले. नसरीननं मला ते वाचून दाखवले. सगळं ठीक होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, यात एक गोष्ट घालायची राहिली."

त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. "लिहा, तुम्हीच लिहा खाली."

चार अनोळखी लोकांसमोर लिहायचं म्हणजे मला हाळी देण्याइतकंच अवघड. अक्षर वाकडं आलं. मी लिहिलं, ज्या बाईचा हात आहे तिला विचारल्याशिवाय व्हिडिओ टाकायचा नाही, आणि तिला विचारल्याशिवाय काढायचाही नाही.

साहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं. "टाकायचं समजलं. पण काढायचं? काढायला कोण नाही म्हणतं?"

 मला ती सगळी गोष्ट तिथं सांगता आली नसती. साहेबांनी खाली सही केली आणि नसरीनचे कागद उचलून तिच्यापुढे ठेवले.

नसरीननं पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

"सर, भाभींनी लिहिलं ते माझ्या कागदात बी लिहा," ती म्हणाली. "तसं असंल तरच मी सही करते."